आईला रोबो, मावशीला मोठा छेद: असं का?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची आहे. पाळी जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि अचानक पुन्हा अंगावरून लाल गेलं. पंधरा दिवस तिने कुणाला सांगितलंच नाही. मग सोनोग्राफी, बायोप्सी, एमआरआय असं सगळं झालं आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. रिपोर्टवर 'एंडोमेट्रिऑइड, ग्रेड १' लिहिलंय. एमआरआयप्रमाणे तो पिशवीच्या भिंतीत निम्म्याहून कमी खोल गेलाय, बाहेर कुठे काही दिसत नाही. आईचं वजन ९४ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, शिवाय मधुमेह.

एक डॉक्टर म्हणतात, रोबोटिक करू. दुसरे म्हणतात, कॅन्सर आहे, पोट उघडूनच करायला हवं, सगळं डोळ्यांनी दिसलं पाहिजे. घरात दोन तट पडलेत. भावाच्या मते रोबो म्हणजे सगळ्यांत आधुनिक, तेच करायचं. बाबा म्हणतात, मशीनच्या हाती मी तिला देणार नाही. त्यात माझ्या मावशीचं तीन वर्षांपूर्वी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तिने आपण होऊन रोबोबद्दल विचारलं, तर डॉक्टरांनी साफ नकार दिला आणि मोठा छेद घेतला. मग जे मावशीला चाललं नाही ते आईला कसं चालेल?

आईला आम्ही 'पिशवीला सूज आहे' एवढंच सांगितलंय. ती निवृत्त शिक्षिका आहे, प्रश्न फार विचारते. काय करू?

– दोन तटांच्या मधली

उत्तर

मावशीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरातल्या भांडणाचं उत्तर तिच्याच ऑपरेशनमध्ये आहे.

मावशीला झाला तो पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि आईला झालाय तो आतल्या अस्तराचा. बोलताना आपण दोन्हींना 'गर्भाशयाचा कॅन्सर' म्हणून मोकळे होतो. अवयव एक असला तरी या दोन आजारांचं नातं सख्खं सोडा, चुलतही नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो आजूबाजूच्या भागात शिरतो. म्हणून पिशवीबरोबर तिच्या दोन्ही बाजूंचा भाग आणि योनीचा वरचा तुकडाही काढावा लागतो. अस्तराचा कॅन्सर बराच काळ पिशवीच्या आतच, स्नायूंच्या जाड भिंतीआड कोंडलेला असतो. त्यामागे बहुधा इस्ट्रोजेनचा अतिरेक असतो. पाळी गेल्यावरही शरीरातली चरबी इस्ट्रोजेन तयार करत राहते, त्यामुळे वजन आणि मधुमेह यांची या आजाराशी जुनी ओळख आहे.

एके काळी आम्ही सर्जन मंडळी असं धरून चाललो होतो, की अस्तराच्या कॅन्सरमध्ये छोट्या छेदांनी काम होतं तर तोंडाच्या कॅन्सरमध्येही व्हायलाच हवं. त्यासाठी भक्कम पुरावा हाताशी नव्हता, तरी जगभर तसं चालू होतं. मग २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका चाचणीचे निकाल आले. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ६३१ बायका घेतल्या होत्या. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडून एका गटाचं पोट उघडून ऑपरेशन केलं आणि दुसऱ्याचं दुर्बिणीतून किंवा रोबोने. साडेचार वर्षांच्या टप्प्यावर आजार न उलटलेल्या बायकांचं प्रमाण उघड्या ऑपरेशनच्या गटात ९६.५ टक्के होतं आणि छोट्या छेदांच्या गटात ८६ टक्के. निकाल उलटा जातोय हे दिसल्यावर त्या चाचणीत नवीन रुग्ण घेणंच थांबवलं गेलं होतं.

'त्यात रोबोच्या केसेस कितीशा होत्या!' असा बचाव लगेच सुरू झाला. कमीच होत्या, खरं आहे. पण त्याच अंकात अमेरिकेतल्या रुग्णनोंदींवरचा दुसरा अभ्यास होता. त्यातल्या छोट्या छेदांच्या बहुतेक शस्त्रक्रिया रोबोनेच झालेल्या होत्या आणि चार वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण छोट्या छेदांच्या गटात ९.१ आणि उघड्या ऑपरेशनच्या गटात ५.३ टक्के असं निघालं. असं का होतं यावर अजून वाद आहे. पिशवी हलवण्यासाठी खालून जी दांडी घालतात ती थेट गाठीवरच टेकते, हा एक संशय. पोटात भरलेल्या गॅसच्या वातावरणात योनीचा भाग कापला जातो तेव्हा गाठ उघडी पडून पेशी सांडत असाव्यात, हा दुसरा. कारण काहीही असो, मावशीच्या डॉक्टरांनी 'नाही' म्हटलं ते जुन्या वळणाचे होते म्हणून नव्हे, तर वाचन ताजं होतं म्हणून. त्यांना माझा नमस्कार कळवा.

(गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि कमी जोखमीची असेल, तर तोंडाच्या कॅन्सरमध्येही एवढं मोठं ऑपरेशन लागत नाही, साधी पिशवी आणि काही लिम्फ नोड (कॅन्सर ज्यांच्या वाटेने पसरतो त्या छोट्या गाठी) काढून भागतं, असं २०२४ साली ७०० बायकांच्या चाचणीत दिसलं. त्यामुळे तिथलं चित्रही हलतंय. पण तो तुमचा विषय नाही.)

आता आई. अस्तराच्या कॅन्सरसाठी चाचण्या आधी झाल्या आणि त्यांचा निकाल दुसऱ्या बाजूला गेला. अमेरिकेत २६१६ बायकांची एक मोठी चाचणी झाली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या आणि पोट उघडलेल्या, अशा दोन्ही गटांत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सारखंच होतं, ८९.८ टक्के. ७६० बायकांच्या दुसऱ्या एका चाचणीचे निकाल २०१७ साली आले, त्यातही साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचे आकडे ८१.३ आणि ८१.६, म्हणजे फरक नाहीच. उरतो तो त्रासातला फरक, आणि तो मोठा आहे. पहिल्या चाचणीत दोन दिवसांहून जास्त काळ रुग्णालयात राहावं लागलेल्या बायका उघड्या ऑपरेशनच्या गटात ९४ टक्के होत्या आणि दुर्बिणीच्या गटात ५२ टक्के.

तर मावशीला जे नाकारलं गेलं, ते आईच्या बाबतीत पहिल्या पसंतीचं आहे. दोघींचेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर.

दुसऱ्या डॉक्टरांना मात्र मी मोडीत काढणार नाही. डोळ्यांनी पाहण्यापेक्षा ते हाताने चाचपण्याबद्दल बोलत असावेत. दिसण्याचं म्हणाल तर ओटीपोटाच्या तळाशी, विशेषतः जाड शरीरात, आत नेलेल्या कॅमेऱ्याला जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं छेदावर वाकून उभ्या असलेल्या सर्जनला दिसत नाही. पण हात आत घालून आतड्यांवरून, यकृतावरून बोटं फिरवण्याची सोय छोट्या छेदांत नसते. आजार पिशवीबाहेर पसरलेला असता, पिशवी इतकी मोठी असती की अखंड बाहेर येणार नाही, किंवा आईचं फुप्फुस डोकं खाली करून तास दोन तास झोपणं सोसणार नसतं, तर मीही त्यांच्याच बाजूने बोलले असते. यातलं काही आईला लागू आहे का, हे त्यांना सरळ विचारा. कारण सांगितलं तर ते नीट ऐका. 'कॅन्सर आहे म्हणून' एवढंच उत्तर मिळालं, तर अस्तराच्या कॅन्सरसाठी ते पुरेसं नाही.

वजनाबद्दल तुम्ही लिहिताना जरा ओशाळल्यासारखं लिहिलंय असं मला वाटलं. ओशाळायचं कारण नाही, उलट रोबोच्या बाजूने पडणारं सगळ्यांत वजनदार (कोटी माफ करा) कारण तेच आहे. ९४ किलो आणि १५५ सेंटिमीटर म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३९. अशा पोटावर मोठा छेद घेतला की चरबीच्या जाड थरातून टाके घालावे लागतात. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यात मधुमेह. जखम चिघळते, पाणी येतं, टाके उसवतात आणि पुढे हर्निया होतो. कॅन्सरचं ऑपरेशन उत्तम झालेली बाई दीड महिना ड्रेसिंगलाच येत राहते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की छेद घेताना हात थबकायचा.

साधी दुर्बीण मात्र अशा शरीरात दमते. त्या अमेरिकी चाचणीत दुर्बिणीने सुरू केलेल्या ऑपरेशनांपैकी साधारण चारांत एक अर्ध्यावर सोडून पोट उघडावं लागलं होतं. बीएमआय २५च्या आसपास होता तिथे हे प्रमाण साडेसतरा टक्के, आणि ४०च्या वर गेलेल्यांत ५७ टक्के. लांब सरळ काठ्या जाड पोटातून आत घालून त्यांची टोकं फिरवायची म्हणजे सर्जनच्या खांद्यांची परीक्षा असते. रोबोच्या काठीला टोकाशी मनगट असतं आणि पोटाच्या भिंतीचा भार यंत्र पेलतं. त्यामुळे जाड रुग्णांत मध्येच पोट उघडण्याची वेळ रोबोबरोबर कमी येते, असं बहुतेक केंद्रांचे अनुभव सांगतात. मला स्वतःला रोबो पटला तो इथेच.

आता बाबांसाठी थोडं सविस्तर, कारण 'मशीनच्या हाती' या शब्दांमागे भीती आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नाव रोबो असलं तरी ते आपल्या मनाने काही करत नाही. आईला भूल दिली जाते. पोटावर साधारण आठ मिलिमीटरची चार-पाच भोकं घेतात, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात आणि आतडी वर सरकावीत म्हणून टेबल डोक्याकडे खाली झुकवतात. मग यंत्राचे हात त्या भोकांतल्या नळ्यांना जोडतात. सर्जन त्याच खोलीत, काही पावलांवर, एका मोठ्या पेटीसारख्या आसनावर बसतो. चेहरा एका चौकटीत, बोटं दोन कड्यांत, पाय पेडलवर. तो बोट हलवतो तेवढंच आत हलतं, तेही कंप गाळून. चेहरा चौकटीतून बाहेर काढला की सगळे हात जिथल्या तिथे थिजतात. टेबलाशी दुसरा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स उभ्याच असतात. वीज गेली, यंत्र अडलं किंवा रक्तस्राव झाला, तर हात सोडवून बाजूला करायला काही मिनिटं लागतात, आणि त्याची आधी तालीम केलेली असते.

मी पहिल्यांदा त्या आसनावर बसले तेव्हा मला कॅमेऱ्याची, पेडलची कसलीच अडचण आली नाही. अडचण आली ती दोऱ्याची. गाठ मारायला दोरा ओढला की पटकन तुटायचा. दहांतल्या चार गाठी तुटल्या असतील. वीस वर्षं बोटांना जो ताण कळत होता तो तिथे कळतच नव्हता, कारण त्या यंत्रातून स्पर्श येत नाही. (अगदी नव्या यंत्रांत तो थोडासा आणलाय.) मग हळूहळू डोळ्यांनी ताण ओळखायला शिकले: दोरा किती सरळ झाला, ऊती किती पांढुरकी पडली. हे शिकण्याचे दिवस प्रत्येक सर्जनच्या वाट्याला येतात. प्रश्न एवढाच, की ते कुणाच्या पोटावर जातात. बाबांनी घाबरायचंच असेल तर यंत्राला नको, शिकाऊ हाताला घाबरावं. ती भीती उपयोगाची आहे.

आणि भावासाठी. रोबो म्हणजे सगळ्यांत आधुनिक म्हणून सगळ्यांत चांगला, हे मावशीच्या केसने खोटं पाडलंच आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तर रोबोची जागा आणखी लहान. तिथे आजार बहुधा पोटभर पसरल्यावरच सापडतो आणि सगळं यश डोळ्यांना दिसणारा कण न् कण काढण्यावर असतं, त्यासाठी वरपासून खालपर्यंत पोट उघडणं हीच रीत. अंडाशयातली संशयित गाठ काढताना फुटली, तर पहिल्या टप्प्यातला आजारही एक उपपायरी वर चढतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या रोबोला स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांसाठी २००५ साली परवानगी दिली, आणि २०१९ साली त्याच संस्थेने सर्जन आणि रुग्णांना सावध केलं, की कॅन्सरसाठी रोबो वापरताना रुग्ण किती जगतात याचा पुरावा तोकडा आहे. आईच्या आजारातही मोठ्या चाचण्या झाल्या त्या दुर्बिणीच्या. रोबो ही दुर्बिणीचीच पुढची पायरी, म्हणून तो निकाल त्यालाही लागू धरतात. आजार बरा होण्यात रोबो दुर्बिणीपेक्षा सरस ठरलेला नाही आणि खर्च त्याचा जास्त. तेव्हा अस्तराच्या कॅन्सरची शेकडो ऑपरेशनं दुर्बिणीतून केलेला, जाड रुग्णांची सवय असलेला सर्जन तुम्हाला मिळत असेल, तर रोबो नाही म्हणून हळहळू नका. नवख्या रोबोवाल्यापेक्षा मुरलेला दुर्बिणीवाला मी माझ्या बहिणीसाठी निवडेन.

सर्जनला भेटायला जाल तेव्हा 'रोबो चांगला का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो'च येतं. गेल्या वर्षभरात अस्तराच्या कॅन्सरची किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः या यंत्रावर केलीत, आणि त्यांतल्या किती जणींचं मध्येच पोट उघडावं लागलं, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला 'एकीचंही नाही' असं उत्तर आलं, तर मी जरा सावध होईन. पोट उघडावं लागणं ही हार नव्हे. वेळेवर उघडणारा सर्जन चांगला, आणि संमतिपत्रात ती शक्यता लिहिलेली असतेच. आसनावर शेवटपर्यंत तुम्हीच बसणार का, हेही विचारा. संकोच वाटेल, पण आम्हाला या प्रश्नाची सवय असते. आणि पिशवी अखंड, खालून बाहेर काढणार ना, हे कानावर घ्या. मोठी पिशवी पोटातच तुकडे करून काढण्याचं एक यंत्र होतं. फायब्रॉइड समजून तुकडे केलेल्या काही पिशव्यांत दडलेला कॅन्सर निघाला, तो पोटभर उधळला गेला आणि २०१४ साली अमेरिकेत त्यावर कडक इशारा निघाला. कॅन्सर माहीत असताना तर तुकड्यांचा प्रश्नच येत नाही.

लिम्फ नोडचं मात्र नीट समजून घ्या, आईचं पुढचं आयुष्य किती सुखाचं जाईल हे बरंचसं त्यावर ठरेल. पूर्वी दोन्ही बाजूंचे सरसकट काढायचे आणि मग काही बायकांचे पाय जन्मभर सुजायचे. आता पिशवीच्या तोंडात इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग टोचतात. कॅमेरा खास प्रकाशावर नेला की सगळं चित्र काळं-करडं होतं आणि त्यात हिरव्या रेघा हळूहळू उमटू लागतात, कोळ्याच्या जाळ्याच्या तारा उन्हात चमकाव्यात तशा. रेघ जिथे पहिल्यांदा थांबते तो पहारेकरी नोड. तेवढाच काढून त्याचे बारीक काप तपासायचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जिथे असा नोड सापडला तिथे पसरलेला आजार ९७ टक्के वेळा त्याच नोडने पकडून दिला. एखाद्या बाजूला रेघ उमटलीच नाही, तर त्या बाजूचं काय करणार हे आधीच ठरवलेलं असावं. आईला आयोडीनची अॅलर्जी असेल तर सांगा, त्या रंगात ते असतं. काचबिंदू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, कारण डोकं खाली केल्याने डोळ्यांतला दाब वाढतो.

घाई किती करायची? ग्रेड १ आहे, म्हणजे संथ वाढणारा, आठ-दहा दिवस दुसरं मत घेण्यात आणि साखर ताळ्यावर आणण्यात गेले तर काही बिघडत नाही. तट मिटण्याची वाट पाहत दोन महिने घालवू नका.

ऑपरेशननंतर आई बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येईल आणि तिथेच फसगत होते. भोकं बोटाच्या पेराएवढी, त्यामुळे सगळ्यांना वाटतं, झालं, बरी झाली. बाहेरचे टाके छोटे असले तरी आतलं ऑपरेशन पोट उघडून केलं असतं तेवढंच मोठं असतं. पिशवी, दोन्ही अंडाशय, नळ्या सगळं गेलेलं असतं आणि योनीचं वरचं टोक टाक्यांनी शिवलेलं असतं. ती शिवण भरायला दोन-तीन महिने लागतात आणि ती उसवण्याचा धोका छोट्या छेदांच्या ऑपरेशननंतर थोडा जास्तच असतो. म्हणून सहा आठवडे भरलेली बादली उचलायची नाही, कुंथायचं नाही, आणि आई-बाबांना शरीरसंबंधाबद्दल किती थांबायचं हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं. ६३व्या वर्षी कोण विचारणार असं समजून कुणी सांगत नाही. पहिले दोन दिवस उजवा खांदा दुखेल. हृदयाचं काही नसतं ते, पोटात उरलेला गॅस छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. चालल्याने कमी होतं. संध्याकाळीच तिला उभी करतील, करू द्या. वजन आणि कॅन्सर दोन्ही असल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती जास्त असते, तेव्हा रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं किती दिवस घ्यायची हे घरी निघताना विचारून घ्या, काहींना ती चार आठवडे लागतात. ताप, एका पायाची सूज, दम लागणं, पोट फुगून उलट्या, खूप रक्त जाणं किंवा खालून पाण्यासारखं सतत गळणं, यातलं काही झालं तर फोनवर चर्चा न करता तडक घेऊन जा. त्या गळण्याला तर मुळीच हलक्यात घेऊ नका. मूत्रवाहिनीला इजा झाली असेल तर ती अशीच, आठ-दहा दिवसांनी बोलते.

मग येतो अंतिम रिपोर्ट. रेडिएशन किंवा केमो लागणार का, ते त्यावर ठरतं. त्यात एमएमआर नावाच्या प्रथिनांची तपासणी केलीय का ते बघा, नसेल तर करायला सांगा. हे तुमच्यासाठी आहे. ती प्रथिनं नसतील तर पुढच्या तपासण्यांतून कधी कधी लिंच सिंड्रोम निघतो. हा घराण्यात चालत येणारा दोष. त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता मुलग्यांतही आणि मुलींतही वाढते, आणि मुलींत गर्भाशयाचाही. म्हणजे रोबोची बाजू घेणाऱ्या भावालाही वेळेवर आतड्याची तपासणी करावी लागू शकते. बहुतेकींना हा दोष नसतो. पण जनुकतज्ज्ञ विचारतील, की आईच्या आईला काय झालं होतं, तिच्या भावंडांत आतड्याचा कॅन्सर कुणाला होता का. मावशीचा कॅन्सर यात धरायचा नाही, तो वेगळाच. या प्रश्नांची उत्तरं घरात एकाच व्यक्तीला ठाऊक आहेत, आणि तिला तुम्ही सूज सांगून बसलाय.

हे मी शेवटी लिहितेय, तुम्हाला पहिल्यांदा करायचंय. तिने पंधरा दिवस तुमच्यापासून लपवलं आणि आता तुम्ही तिच्यापासून लपवताय. पोट कसं उघडायचं यावर घरातले सगळे भांडतायत, आणि जिचं पोट आहे तिला मत विचारलेलं नाही. संमतिपत्रावर सही तिची लागते आणि तिला आजाराचं नाव माहीत नसेल तर त्या सहीला अर्थ नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून ते कळलेल्या रुग्णांना मी भेटले आहे. त्यांचा राग कॅन्सरवर नसतो, मुलांवर असतो.

तुम्हाला बोलायला जड जाणार असेल तर डॉक्टरांना सांगा, ते सांगतील. तुम्ही शेजारी बसा, भाऊ आणि बाबा पहिल्या वेळी बाहेर थांबले तरी चालेल. बातमी वाईटातली चांगली आहे: कॅन्सर ग्रेड १, पिशवीतच, ऑपरेशनने बरा होण्याची शक्यता भरपूर. हेही तिला त्याच बैठकीत कळू दे. ती गप्प बसेल, मग तुमच्यावर चिडेल, मग प्रश्न विचारायला लागेल. मोठा छेद की छोटी भोकं हे सगळं ऐकून तीच ठरवेल, आणि कदाचित दोन्ही तटांना गप्प करेल. जाताना वही-पेन तिच्या पर्समध्ये टाका. सर्जनला विचारायच्या प्रश्नांची यादी ती माझ्यापेक्षा बरी करेल.